विश्लेषण : विकिपीडियावरील सेलिब्रिटीचे चरित्र कोण सांभाळते? चुकले तर दुरुस्त कसे होते?

पान कोणालाही बदलता येते, तरीही मनात येईल ते तिथे टिकत नाही. मोर्शीचा एक निकाल, काटोलच्या एका नेत्याच्या पदव्या आणि लता मंगेशकर यांच्या गाण्यांचा आकडा यांवरून हे नियम समजून घेता येतात.

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेचा निकाल लागला. मोर्शी मतदारसंघात राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री डॉ. अनिल बोंडे यांचा स्वाभिमानी पक्षाचे देवेंद्र भुयार यांनी पराभव केला. संत्र्याच्या पट्ट्यात दिवसभर हीच चर्चा होती. त्या संध्याकाळी बोंडे यांच्या ऑनलाइन चरित्रात काय लिहायला हवे होते? पटकन सुचणारे उत्तर म्हणजे ‘माजी मंत्री, माजी आमदार’. ते चुकीचे ठरले असते.

निवडणुकीत पराभव झाला म्हणून मंत्रिपद त्याच क्षणी जात नाही. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला तो ८ नोव्हेंबर २०१९ रोजी. जुन्या विधानसभेची मुदतही नोव्हेंबरपर्यंत होती. म्हणजे २४ ऑक्टोबरच्या रात्री बोंडे पराभूत उमेदवार होते आणि त्याच वेळी राज्याचे कृषिमंत्रीही होते. भुयार निवडून आले होते, पण त्यांच्यासह नव्या सदस्यांचा शपथविधी २७ नोव्हेंबरला झाला. टीव्हीवर ‘ब्रेकिंग’ पट्टी फिरत असताना हे तपशील कोणाला आठवत नाहीत. ज्ञानकोशाला मात्र ते आठवावे लागतात, कारण तिथले वाक्य पाच वर्षांनी वाचणाऱ्यालाही खरे वाटले पाहिजे.

आज कोणत्याही नेत्याचे, नटाचे किंवा क्रिकेटपटूचे नाव मोबाइलवर टाकले की सर्वात वर बहुतेक वेळा विकिपीडियाचाच मजकूर दिसतो. शाळेचा प्रकल्प, सत्कार समारंभातील परिचय, यूट्यूबवरील व्हिडीओ, इतकेच काय एआय चॅटबॉटची उत्तरे, या सगळ्यांचा कच्चा माल बऱ्याचदा तिथूनच येतो. त्यामुळे एका पानावरची चूक एका पानापुरती राहत नाही.

हे पान लिहिते कोण?

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला, १ मे २००३ रोजी मराठी. तो चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे आहे. मात्र ही संस्था लेख लिहीत नाही. लेख लिहितात, तपासतात आणि भांडून दुरुस्त करतात ते जगभरातले स्वयंसेवक. त्यांना पगार नाही आणि बहुतेक जण टोपणनावाने वावरतात.

मराठी ज्ञानकोशाची जुनी परंपरा वेगळी होती. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ उभा करणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले होते. त्यांच्या ज्ञानकोशात किंवा पुढे वाईहून निघालेल्या ‘मराठी विश्वकोशा’त मजकुराला संपादक जबाबदार असे. चूक सापडली तर पत्र कोणाला लिहायचे, हे ठाऊक होते. विकिपीडियावर असा एक संपादक नसतो. त्याची जागा तीन गोष्टी घेतात : प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ‘इतिहास’, वाद मांडण्यासाठीचे ‘चर्चा’ पान आणि सगळ्यांना सारखे लागू असलेले नियम. मराठी विकिपीडियावर सर्वसाधारण चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात आणि नवख्यांनी सराव करायच्या पानाला ‘धूळपाटी’. ही नावे ज्याने कोणी सुचवली, त्याला गाव ठाऊक असणार.

‘आम्हाले माहीत हाय’ हे का चालत नाही?

सगळ्या नियमांच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : हे कुठे छापून आले आहे? लेखातील विधान वाचकाला स्वतंत्रपणे पडताळता आले पाहिजे. त्यासाठी वृत्तपत्र, पुस्तक, नियतकालिक, सरकारी राजपत्र असा विश्वासार्ह, प्रकाशित आधार लागतो. ‘आम्ही त्याले लहानपणापासून ओळखतो’ हे शंभर टक्के खरे असले तरी तो आधार होत नाही. कारण उद्या दुसरा कोणी तेच वाक्य वापरून नेमके उलटे लिहू शकतो आणि दोघांत खरा कोण, हे मेलबर्नमध्ये बसलेल्या संपादकाने कसे ठरवायचे?

विदर्भातील वाचकाला हे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या उदाहरणावरून चांगले कळेल. मोर्शी-वरूडच्या शेजारचा संत्रापट्टा म्हणजे काटोल. तिथून जिचकार १९८० मध्ये विधानसभेवर निवडून गेले, पुढे राज्यसभेवरही गेले आणि २ जून २००४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. वैद्यकीय, कायदा, प्रशासन आणि मानव्यविद्या अशा अनेक शाखांत त्यांनी शिक्षण घेतले. ‘देशातील सर्वाधिक शिकलेला माणूस’ म्हणून त्यांच्यावरील संदेश दरवर्षी व्हॉट्सॲपवर नव्याने फिरतात. कुठे २० पदव्या असतात, कुठे ४२.

आता हे दोन आकडे एकाच गोष्टीचे आहेत का? सविस्तर सांगणारे ‘४२ विद्यापीठीय परीक्षा आणि २० पदव्या’ असे म्हणतात. परीक्षा आणि पदवी या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच एम.ए.ला भाग एक आणि भाग दोन अशा दोन परीक्षा असत. संदेश पुढे सरकताना मधला शब्द गळतो आणि ४२ परीक्षांच्या ४२ पदव्या होतात. जिचकारांबद्दल आदर असलेला माणूसच हे करतो. त्यात खोडसाळपणा नसतो. पण चरित्र नीट राखायचे तर संपादकाला कठोर व्हावे लागते. ज्या पदवीचा आधार सापडतो ती नावानिशी लिहायची. एकूण आकडा लिहायचा तर तो कोणत्या प्रकाशनाने दिला हे वाक्यातच सांगायचे. आणि ‘असे म्हटले जाते’ हे वाक्य गाळायचे, कारण कोण म्हणते हेच त्यात नसते. यातून जिचकारांची उंची कमी होत नाही. उलट आकड्यावर शंका घेणाऱ्याला खऱ्या पदव्यांवरही शंका घ्यायची जी सोय मिळते, ती बंद होते.

लतादीदींची गाणी किती?

छापलेला आधार मिळाला की प्रश्न संपला, असेही नाही. याचे सर्वात बोलके उदाहरण लता मंगेशकर यांचे आहे. १९७४ च्या ‘गिनीज बुक’मध्ये त्यांच्या नावावर १९४८ ते १९७४ या काळात किमान २५ हजार गाण्यांची नोंद झाली. गिनीजपेक्षा भक्कम आधार कोणता? पण साधा हिशेब मांडला तर हे वर्षाला सुमारे साडेनऊशे गाण्यांहून अधिक होते. सव्वीस वर्षे, दिवाळी-दसऱ्यासकट, रोज अडीच गाण्यांहून जास्त.

मोहम्मद रफी यांनी या नोंदीला आक्षेप घेतला आणि आपण गायलेली गाणी त्याहून अधिक असल्याचे गिनीजला कळवले. ३१ जुलै १९८० रोजी रफी गेले. १९८४ च्या आवृत्तीत लतादीदींच्या नोंदीसोबत रफी यांच्या २८ हजार गाण्यांच्या दाव्याचाही उल्लेख आला. १९९१ पर्यंत ही नोंदच पुस्तकातून वगळली गेली. दरम्यान चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून चित्रपटनिहाय, गाणेनिहाय याद्या केल्या. त्यांत लतादीदींच्या हिंदी चित्रपटगीतांची संख्या पाच हजारांच्या घरात निघाली. इतर भाषांतील आणि चित्रपटाबाहेरील गाणी त्यात मिळवली तरी २५ हजारांचा पल्ला फार दूर राहतो. पुढे २०११ मध्ये गिनीजने सर्वाधिक ध्वनिमुद्रणांसाठी आशा भोसले यांच्या नावाची नोंद केली. तिथे आकडा होता ११ हजारांपर्यंतचा.

मग चरित्रात काय लिहायचे? चाहत्याला २५ हजार हवेत, कारण तो आकडा लहानपणापासून ऐकला आहे. चिकित्सकाला तो ‘खोटा’ म्हणून उडवायचा आहे. तटस्थ लेख या दोघांचेही ऐकत नाही. तो घडले ते क्रमाने सांगतो : गिनीजने अमुक साली अमुक नोंद केली, रफी यांनी आक्षेप घेतला, नोंद वगळली गेली, अभ्यासकांच्या याद्यांत अमुक आकडा आहे. निष्कर्ष वाचकाने काढावा. असा परिच्छेद लिहायला मोठ्या आवाजातील दोन ओळींपेक्षा दहापट वेळ लागतो, हे मात्र खरे.

तटस्थ म्हणजे गुळमुळीत का?

नाही. तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना समान जागा देणे नव्हे. ज्या गोष्टीवर विश्वासार्ह लेखन जितके झाले, तितकेच तिला वजन. एखाद्या अभिनेत्याने तीस वर्षे काम केले आणि एका मुलाखतीतील वाक्यावरून आठवडाभर गदारोळ झाला, तर चरित्राचा अर्धा भाग त्या आठवड्याने भरणे चूक आहे. उलट एखाद्यावर न्यायालयात दोष सिद्ध झाला असेल, तर चाहत्यांना खुपते म्हणून ते पुसणेही चूक. आरोप झाला की ‘आरोप’ लिहायचे, गुन्हा दाखल झाला की ‘गुन्हा दाखल’, शिक्षा झाली की ‘शिक्षा’. या तीन शब्दांत माणसाचे अख्खे आयुष्य इकडचे तिकडे होते.

दुसरा धोका विशेषणांचा. मराठीत परिचय करून देण्याची आपली रीत सढळ हाताची आहे. ‘सुप्रसिद्ध’, ‘चतुरस्र’, ‘रसिकांच्या गळ्यातील ताईत’, ‘विदर्भाचे भूषण’ हे शब्द सत्काराच्या पत्रिकेत शोभतात. ज्ञानकोशात ते काहीच सांगत नाहीत. अमरावतीत जन्मलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा याच्याबद्दल ‘धडाकेबाज, अमरावतीची शान’ असे लिहिता येईल. किंवा असे लिहिता येईल : २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध त्याने बंगळूरुचा हंगामी कर्णधार म्हणून ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. त्याच हंगामात बंगळूरुने पहिल्यांदा आयपीएल जिंकली. दुसऱ्या लेखनात विशेषण एकही नाही, तरी अमरावतीकराची कॉलर ताठ व्हायची ती होतेच.

जिवंत माणसाबद्दल वेगळा नियम का?

यामागे २००५ मधील एक प्रकरण आहे. जॉन सिगेन्थेलर हे अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार, एके काळी रॉबर्ट केनेडी यांचे सहकारी. केनेडी बंधूंच्या हत्यांमागे यांचा हात असल्याचा संशय होता, असे धडधडीत खोटे वाक्य कोणीतरी त्यांच्या नावाच्या पानावर लिहिले. ते सुमारे चार महिने तसेच राहिले. कोणी वाचले असेल, कोणी खरे मानले असेल. सिगेन्थेलर यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये ‘यूएसए टुडे’त लेख लिहून हे चव्हाट्यावर आणले. पुढे कळले की सहकाऱ्याची गंमत करण्यासाठी एकाने ते लिहिले होते. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर खाते न उघडता नवा लेख सुरू करणे बंद झाले आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण आले.

त्या धोरणाचा गाभा असा : हयात व्यक्तीबद्दल बदनामीकारक किंवा वादग्रस्त मजकूर आधाराशिवाय दिसला, तर चर्चेची वाट न पाहता तो ताबडतोब काढावा. इतर लेखांत आधार नसलेल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करून थांबता येते. इथे नाही. घरचा पत्ता, फोन नंबर, लहान मुलांची नावे, ज्यात सार्वजनिक काहीच नाही असे खासगी तपशील यांनाही थारा नाही.

भारतात याची चुणूक ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री दिसली. दुबईत आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला. सामना संपतो न संपतो तोच त्याच्या पानावर ‘भारत’ या शब्दाच्या जागी खलिस्तानचा उल्लेख घुसवला गेला. स्वयंसेवकांनी तो काही मिनिटांत उलटवला. पण तेवढ्यात स्क्रीनशॉट निघाले होते आणि ते पुढे कितीतरी दिवस फिरले. केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने विकिपीडियाकडे खुलासा मागितला. अशा वेळी पान ‘अर्धसुरक्षित’ केले जाते. इंग्रजी विकिपीडियावर त्याचा अर्थ असा, की खाते उघडून चार दिवस झालेले आणि किमान दहा संपादने केलेले सदस्यच ते बदलू शकतात. दहा मिनिटांच्या रागासाठी चार दिवस थांबायची तयारी फार थोड्यांची असते.

निधनाच्या अफवांचेही तसेच. अभिनेते श्रेयस तळपदे यांच्या निधनाची अफवा ऑगस्ट २०२४ मध्ये इतकी पसरली, की आपण जिवंत असल्याचे त्यांना समाजमाध्यमावर स्वतः सांगावे लागले. आपल्या लहान मुलीला शाळेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा त्रास होतो, हेही त्यांनी लिहिले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याने अफवेला टेकू मिळाला होता. अशा दिवशी ‘आहेत’चे ‘होते’ करायला एक सेकंद लागतो. नियम सांगतो की कुटुंबीयांचे निवेदन किंवा जबाबदार वृत्तसंस्थेची बातमी येईपर्यंत क्रियापदाला हात लावू नये.

स्वतःचे पान स्वतः दुरुस्त करता येते का?

करता येत नाही असे नाही, पण करू नये असा संकेत आहे. स्वतः सेलिब्रिटी, घरचे लोक, मॅनेजर, पक्षाचा आयटी सेल, सगळ्यांना हितसंबंध असतात. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करणे २०१४ पासून विकिमीडियाच्या वापर-अटींनुसार बंधनकारक आहे. ‘तुमचे विकिपीडिया पान बनवून देतो’ अशा जाहिराती करणारे मात्र हे क्वचितच सांगतात. पैसे गेले आणि पानही उडाले, अशी वेळ त्यांच्या ग्राहकांवर येते.

मग स्वतःबद्दल खोटे दिसले तर? अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्यावर २०१२ मध्ये ही पाळी आली. ‘द ह्युमन स्टेन’ या त्यांच्या कादंबरीची प्रेरणा कोणापासून मिळाली, याबद्दल पानावर चुकीचे लिहिले असल्याचे त्यांनी कळवले. उत्तर आले की लेखक म्हणून तुमचे मत मोलाचे आहे, पण दुय्यम प्रकाशित आधार हवा. ज्याने पुस्तक लिहिले त्यालाच पुरावा मागणे हास्यास्पद वाटते आणि तशी टिंगल झालीही. रॉथ यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये खुले पत्र छापले आणि तेच मग लेखात आधार म्हणून आले. नियम इथे थोडा आडमुठा वागला, हे मान्य करायला हरकत नाही. पण तोच नियम उद्या एखाद्या नेत्याला स्वतःच्या पानावरून स्वतःची शिक्षा पुसू देत नाही.

सामान्य मार्ग असा : ‘चर्चा’ पानावर स्वतःची ओळख उघड करून, नेमके कोणते वाक्य चुकीचे आहे आणि कोणत्या आधाराने, ते लिहावे. बदनामीकारक मजकूर असेल तर विकिपीडियाच्या स्वयंसेवकांच्या मदतकक्षाला ईमेल पाठवता येते.

वृत्तपत्रही चुकले तर?

इथे जाळे गुंतते. मार्च २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मोरिस जार यांचे निधन झाले. डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून त्यांच्या विकिपीडिया पानावर एक काव्यमय वाक्य त्यांच्या तोंडी घातले. आधार नसल्याने स्वयंसेवकांनी ते काढले, पण त्याआधी घाईत मृत्युलेख लिहिणाऱ्या पत्रकारांनी ते उचलले होते. लंडनच्या ‘गार्डियन’सह अनेक वृत्तपत्रांत ते छापून आले. महिनाभराने विद्यार्थ्यानेच ईमेल करून सांगितले, तेव्हा दुरुस्त्या झाल्या. त्याने सांगितले नसते, तर त्या छापील मृत्युलेखांचाच दाखला देऊन ते वाक्य पुन्हा विकिपीडियावर आले असते आणि या वेळी ‘आधारासह’.

म्हणून जाणता संपादक आधाराची तारीख बघतो. विधान पानावर आधी आले की बातमी आधी छापली, हे ‘इतिहास’ उघडला की कळते. पानावर विधान २०१५ मध्ये आले आणि पहिली बातमी २०१७ ची असेल, तर बातमीदाराने ते कुठून घेतले हा प्रश्न पडायलाच हवा.

मराठीत अडचण कुठे आहे?

इंग्रजीत ७० लाखांहून अधिक लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास. मुद्दा लेखांच्या संख्येपेक्षा नजरांचा आहे. मोठ्या नटाच्या इंग्रजी पानावर शेकडो जणांची पाळत असते. वऱ्हाडातील लोककलावंताच्या मराठी पानावर कदाचित एकाचीच, तीही जमेल तशी. तिथली चूक मिनिटांत नव्हे, वर्षांत निघते.

संत गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांच्या जन्मगावाचे नाव कुठे ‘शेंडगाव’ तर कुठे ‘शेणगाव’ असे छापलेले आढळते. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतील. अमरावती जिल्ह्यातील कोणालाही एसटीच्या पाटीवरून फरक सांगता येईल. पण पाटी आठवते हे पुरत नाही. ग्रामपंचायतीचा कागद, जिल्हा गॅझेटियर, जनगणनेची ग्रामसूची यांपैकी काही दाखवावे लागते.

आणि वऱ्हाडातील खरा तोटा इथेच होतो. ज्यांच्याबद्दल मुंबई-पुण्याच्या दैनिकांत भरभरून छापून आले, त्यांची चरित्रे जाड झाली. अकोल्याच्या ‘मातृभूमी’सारख्या जुन्या दैनिकांतील मजकूर, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, शाळा-महाविद्यालयांची सुवर्णमहोत्सवी पुस्तके हे सगळे विकिपीडियाला चालणारे आधार असू शकतात. इंटरनेटवर असलाच पाहिजे अशी आधाराला अट नाही. प्रकाशनाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक पुरतो. पण ते अंक वाचनालयाच्या माळ्यावर गठ्ठ्यात आहेत आणि गठ्ठ्यांना वाळवी लागते आहे. एखाद्या वऱ्हाडी कीर्तनकाराच्या किंवा कुस्तीगीराच्या जन्मतारखेचा एकमेव छापील पुरावा त्यात असेल, तर तो गेल्यावर ज्ञानकोशापुरती ती तारीखच गेली.

पोलीस आणि न्यायालय काय करू शकतात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाल्यावर छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेख लाखो लोकांनी उघडला. त्यातील काही मजकुरावर तीव्र आक्षेप घेतले गेले. मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर महाराष्ट्र सायबर विभागाने तो मजकूर काढण्यासाठी विकिमीडिया फाउंडेशनला कळवले. पुढे किमान चार संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला गेला. भावना तीव्र असणे स्वाभाविक होते. पण ज्ञानकोशाच्या आत असा वाद मिटतो तो कोणत्या इतिहासकाराने कोणत्या साधनाच्या आधारे काय लिहिले, याच्या मांडणीने. मराठी साधने इंग्रजी संपादकांपर्यंत पोहोचवणे हे काम त्या महिन्यात फार थोड्यांनी केले.

दुसरे प्रकरण ‘एएनआय’ वृत्तसंस्थेचे. आपल्यावरील लेख बदनामीकारक असल्याचे सांगत तिने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा केला. न्यायालयाने लेखात बदल करणाऱ्यांची माहिती देण्यास सांगितले. या खटल्यावरच विकिपीडियावर लिहिलेले पान ऑक्टोबर २०२४ मध्ये काढावे लागले. ते पान हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला. म्हणजे टोपणनावाने लिहिले म्हणून कायदा पोहोचत नाही, असे समजू नये. बदनामीचा कायदा इथेही लागू आहे.

मोबाइलवर चूक दिसली तर?

आधी ती चूक कुठली आहे ते बघावे. गुगलच्या शोधात उजवीकडे किंवा वर जी चौकट येते ती गुगलची असते. ती विकिपीडियासह अनेक ठिकाणांहून माहिती उचलते. चौकटीतील वय चुकले असेल आणि विकिपीडियावर बरोबर असेल, तर चौकटीखालील प्रतिसादाच्या दुव्यावरून गुगलला कळवावे लागते.

चूक विकिपीडियाच्याच पानावर असेल, तर पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ कधी झाला हे दिसते. त्यावर बोट ठेवले की इतिहास उघडतो. तासाभरापूर्वीच कोणी खोडसाळपणा केला असेल, तर आधीची आवृत्ती तिथेच असते आणि तो बदल उलटवता येतो. जुनी चूक असेल तर पेन्सिलीच्या खुणेवरून वाक्य दुरुस्त करायचे आणि आधार त्याच वेळी जोडायचा. आधार नंतर जोडू म्हणून ठेवलेला बदल बहुधा नंतरपर्यंत टिकत नाही. पानावर कुलूप दिसले तर ‘चर्चा’ पान उघडे असते. बदल उलटवला गेला तर तोच पुन्हा पुन्हा करत बसू नये. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा एकमेकांचे बदल उलटवणाऱ्यांना इंग्रजी विकिपीडिया संपादनापासून रोखू शकतो, मग बाजू कोणाचीही खरी असो.

मोर्शीच्या निकालासारख्या दिवसासाठी जुने संपादक एक युक्ती वापरतात. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘विद्यमान’ हे शब्द ते लिहीतच नाहीत. ‘जून २०१९ पासून कृषिमंत्री’, ‘२०१९ च्या निवडणुकीत पराभूत’, ‘२०२२ पासून राज्यसभा सदस्य’, असे प्रत्येक पदापुढे वर्ष टाकतात.